सतराचा पाढा आणि नांगरलेली बोट

पहिली गोष्ट, बोट कुठेही जात नाही. पणजीच्या बांदोडकर मार्गावरून मांडवीच्या पात्रात कॅसिनोच्या ज्या दिव्यांनी लखलखणाऱ्या बोटी दिसतात, त्या नांगर टाकून उभ्या असतात. समोर रेईश मागूशचा किल्ला, मागे पणजी, आणि मध्ये भरती-ओहोटीबरोबर जरा इकडेतिकडे वळणारं पोलादी धूड. तरी रोज कुणीतरी विचारतंच, "सर, बोट सुटणार कधी?"

असं का, याचं उत्तर कायद्यात आहे. गोवा, दमण आणि दीवचा सार्वजनिक जुगार कायदा १९७६चा, आणि मुळात तो जुगार बंद करणारा. १९९२मध्ये त्यात दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशिनला वाट मिळाली. १९९६च्या दुरुस्तीने 'ऑफशोअर' जहाजांवर टेबलांवरच्या खेळांनाही परवानगी दिली. म्हणून आजही पत्ते आणि रूलेट (आकड्यांच्या फिरत्या चाकात बॉल सोडायचा खेळ) खऱ्या डीलरच्या, म्हणजे टेबलामागे खेळ चालवणाऱ्या माणसाच्या, हातून खेळायचं तर पाण्यावर जावं लागतं. किनाऱ्यावरच्या हॉटेलात यंत्रं. 'ऑफशोअर' म्हटल्यावर समुद्र डोळ्यांपुढे येतो, प्रत्यक्षात नदीचं पात्र त्यात बसवलं गेलं. महाराष्ट्रानेही त्याच १९७६ साली कॅसिनोंचा कायदा केला होता. तो कधी अमलातच आणला नाही आणि २०२३मध्ये रद्द करून टाकला. सावंतवाडी, कोल्हापूर, पुण्याच्या गाड्या पणजीच्या जेटीवर येतात त्या यामुळे.

समुद्रपर्यटनाच्या खऱ्या, चालत्या जहाजांचं वेगळं असतं. त्यांचा कॅसिनो बंदरात बंद ठेवतात आणि किनारा मागे पडल्यावर उघडतात. आपली प्रादेशिक सागरी हद्द १२ सागरी मैलांची, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर. मांडवीतल्या बोटीला असा हिशोब नाही, म्हणून टेबलं दिवसरात्र चालू.

जेटीवर काय होतं ते आधी. वय २१ पूर्ण हवं आणि मूळ ओळखपत्र हवं: आधार, पासपोर्ट किंवा वाहन परवाना. मोबाइलमधला पुसट फोटो दाखवून वाद घालणारे रोज असतात आणि रोज परत जातात. ओळखपत्रावर गोव्याचा पत्ता असेल तर प्रवेश नाही. १ फेब्रुवारी २०२०पासून स्थानिकांना कॅसिनोची दारं बंद आहेत. पुरुषांनी अर्धी चड्डी आणि साध्या चपला टाळाव्यात. फोटो काढून नोंदणी होते, पॅकेजप्रमाणे हाताला रंगीत पट्टी बांधतात. ती सैल बांधून घेऊ नका, कारण ती निघाली तर जेवणाच्या काउंटरपासून परतीच्या बोटीपर्यंत सगळीकडे समजावत बसावं लागतं.

पुढे फीडर बोट, म्हणजे जेटीवरून मोठ्या बोटीपर्यंत नेणारी छोटी बोट. लाइफ जॅकेट घालायला सांगतात ते घालायचं, मिरवणुकीला निघाल्यासारखं खांद्यावर टाकायचं नाही. मोठ्या बोटीला लागताना फीडर दोनदा धडकते. पहिल्या धक्क्याला कुणी उठू नये, दोर बांधून होईपर्यंत थांबावं. उंच टाचांचे बूट आणि ओली लोखंडी फळी यांचं जमत नाही. जून ते सप्टेंबर पाऊस जोरात असला की फेऱ्या थांबतात, मग वर असलेले वर आणि खाली असलेले खाली. मांडवीच्या मुखाशी वाळूचा बांध आहे. पावसाळ्यात खनिजाचे बार्जसुद्धा ते तोंड टाळून कुंभारजुव्याच्या कालव्याने झुआरीत जातात. जुलै २०१७मध्ये लकी सेव्हन नावाची कॅसिनो बोट भर पावसाळ्यात आत आणताना मिरामारला वाळूत रुतली आणि कित्येक आठवडे तिथेच होती. नदी शांत दिसते, ती बांधाच्या आतली.

वर पोचल्यावर माणसं थेट टेबलाकडे धावतात. त्याआधी कॅशिअरच्या खिडकीशी दोन मिनिटं घालवली तर रात्रभराचा हिशोब समजतो.

पॅकेजमध्ये जेवण, पेयं आणि बहुधा काही 'ओटीपी' चिप्स असतात. चिप म्हणजे टेबलावर पैशांऐवजी लावायची चकती. ओटीपी म्हणजे 'वन टाइम प्ले'. ही चिप रोखीत बदलून मिळत नाही, एकदाच लावता येते. जिंकलात तर बक्षीस खऱ्या चिपांत मिळतं आणि ओटीपी डीलर घेऊन जातो. त्यामुळे १,००० रुपयांची ओटीपी रूलेटच्या लाल किंवा काळ्या घरांवर लावली तर तिची किंमत १,००० नसते: ३७ घरांपैकी १८ तुमची, म्हणजे सरासरी ४८६ रुपये. चिप परत मिळणार नसेल तर ती जास्त मोबदल्याच्या जागी लावणं गणिताने बरं पडतं. एका आकड्यावर, जिथे ३५ पट मिळतं, लावली तर सरासरी किंमत ९४६ रुपयांवर जाते, मात्र ३७ वेळांतून ३६ वेळा हाती भोपळा येतो. कुठल्या बेटवर, म्हणजे पैजेवर, ओटीपी चालते ते चिप ठेवण्याआधी डीलरला विचारा. ठेवल्यावर विचारणाऱ्याचा बॉल तोवर फिरत असतो.

खऱ्या चिपांवर जीएसटी आहे, आणि इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. १ ऑक्टोबर २०२३पासून चिपांच्या खरेदीच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के कर लागू झाला. २२ सप्टेंबर २०२५पासून तो ४० टक्के झाला. तो जिंकण्या-हरण्यावर नाही, चिपा विकत घेण्यावर आहे. १०,०००च्या रकमेतूनच कर काढला तर हातात ७,१४३च्या चिपा येतात. कर चिपांतून जाईल, पॅकेजच्या दरात मिसळलेला असेल किंवा टेबलाची किमान बेट वाढवून भरून काढलेला असेल. म्हणून खिडकीशी एकच प्रश्न विचारायचा: "दहा हजार दिले तर चिपा किती?"

या नियमाचे दोन परिणाम पाहुण्यांना सहसा ठाऊक नसतात. न खेळता चिपा परत केल्या तरी भरलेला कर कमी होत नाही. दुसरं, जिंकलेल्या चिपा तशाच पुन्हा लावल्या तर त्यावर नव्याने कर नाही. पण रोख करून घेतल्या, डेकवर फिरून आलात आणि परत चिपा घेतल्या, तर ती नवी खरेदी. रात्री अकराला 'पैसे सुरक्षित' म्हणून खिशात टाकणारा आणि साडेबाराला पुन्हा खिडकीशी उभा राहणारा माणूस त्याच पैशावर दोनदा कर भरतो. जेवायला जायचं तर चिपा खिशात घेऊन जा.

टेबलावर थेट नोटा दिल्या तरी चालतं. डीलर त्या हातातून घेत नाही, टेबलावर ठेवायला सांगतो. मग त्या एका ओळीत पसरतो, वरच्या कॅमेऱ्याला प्रत्येक नोट दिसेल अशा, रक्कम मोठ्याने सांगतो, टेबलांवर देखरेख ठेवणाऱ्या पिट बॉसने होकार दिला की चिपा मोजून पुढे सरकवतो आणि नोटा फटीतून खालच्या पेटीत ढकलतो. एकदा पेटीत गेलेली नोट टेबलावरून परत मिळत नाही. एकाच माणसाकडून दिवसात २ लाख किंवा त्याहून अधिक रोख घेता येत नाही, मोठ्या रकमेला पॅन लागतो. थैली घेऊन येणाऱ्यांची अडचण तिथे होते.

आता रूलेट. हिरवी घरं किती हे आधी बघा. एक शून्य असेल तर ३७ घरं आणि हाउसचा, म्हणजे कॅसिनोचा, वाटा २.७ टक्के: लावलेल्या दर १०० रुपयांतले सरासरी तेवढे त्याच्याकडे राहतात. शून्य आणि दुहेरी शून्य अशी दोन असतील तर ३८ घरं आणि वाटा ५.२६ टक्के. मोबदला दोन्हीकडे तोच, एका आकड्याला ३५ पट. शेजारी एक शून्याचं टेबल रिकामं असताना माणसं गर्दी बघून दोन शून्यांच्या टेबलावर बसतात, याचा आम्हा टेबलामागच्यांना अजून उलगडा झालेला नाही.

इथे प्रत्येक खेळाडूला वेगळ्या रंगाच्या चिपा मिळतात. त्यांच्यावर किंमत नसते. तुम्ही सांगाल ती किंमत डीलर चाकाच्या कडेला खुणेच्या गोटीने लावून ठेवतो. म्हणून त्या चिपा दुसऱ्या टेबलावर कवडीच्या. उठताना तिथेच बदलून घ्यायच्या. जोडीने आलेले एकच रंग वाटून घेतात आणि मग जिंकलेली चिप कुणाची यावर नवरा-बायकोत जुंपते. डीलर त्यात पडत नाही, तो रंगाला पैसे देतो.

डीलरच्या बाजूने रूलेट म्हणजे पाढे. एका आकड्याला ३५, दोन आकड्यांच्या मधल्या रेघेवर १७, तिघांच्या ओळीला ११, चौघांच्या कोपऱ्याला ८, सहांच्या ओळीला ५. शिकाऊ डीलर पहिले कित्येक आठवडे हेच घोकतो, आणि ज्यांनी शाळेत तीसपर्यंत पाढे म्हटले आहेत त्यांना सतरा त्रिक एक्कावन्न, सतरा चोक अडुसष्ट यासाठी थांबावं लागत नाही. समजा एका आकड्यावर १ चिप थेट, दोन रेघांवर एकेक आणि एका कोपऱ्यावर १ आहे. मोबदला ३५ अधिक ३४ अधिक ८, एकूण ७७. बोटं चिपा रचत असतानाच ही बेरीज तोंडून निघायला हवी. चूक होते ती गुणाकारात क्वचित. बहुतेकदा रेघेवरची चिप सरकून आकड्यावर गेलेली असते. म्हणून आपली चिप जिथे हवी तिथे नीट बसली का हे बॉल फिरत असतानाच बघा. 'नो मोअर बेट्स' म्हटल्यावर हात लावला की ती बेट मागे जाते. वाद झालाच तर पिट बॉस कॅमेऱ्याचं चित्रण मागवतो आणि तोवर टेबल थांबतं. बाकीचे पाच जण तुमच्याकडे कसे बघतात ते वेगळं.

पाण्यावरच्या चाकाला एक दुखणं आहे जे जमिनीवर सहसा होत नाही. चाक अगदी समपातळीत हवं. एक बाजू जरा जरी उंच झाली तर चढावर बॉलचा वेग कमी होतो आणि तो वारंवार त्याच भागातून खाली सुटतो. तसं झालं की काही घरांना जास्त बॉल मिळू लागतात, आणि ते ओळखून खेळणारे जगभर आहेत. म्हणून चाकाच्या मधोमध पातळी (स्पिरिट लेव्हल) ठेवून तिच्यातला बुडबुडा बघतात, दोन दिशांना, टेबल उघडण्याआधी. फीडरची लाट आली किंवा शोसाठी सगळे एका बाजूला जमले की बुडबुडा किंचित सरकतो, परत येतो. तेवढं चालतं. टाकीतलं पाणी एकीकडे कमी झाल्याने बोट कलून राहिली तर नाही चालत, मग खालच्या मजल्यावर निरोप जातो. बॉल उडून बाहेर पडला, चाकात काही पडलं किंवा बॉलचे पुरेसे फेरे झाले नाहीत, तर 'नो स्पिन'. सगळ्या बेट जागच्या जागी.

समोरच्या पाटीवर मागचे आकडे लागलेले असतात. "भाऊ, आज कुठला चालतोय?" याचं उत्तर डीलरकडे नसतं. पाटी हाउसने लावली आहे, फुकट लावली आहे, एवढं पुरे.

अंदर-बाहर घरी खेळलेलं असतं म्हणून लोक त्याकडे विश्वासाने वळतात. मधला पत्ता उघडतात, मग एकेक पत्ता आळीपाळीने दोन्ही बाजूंना. मधल्या पत्त्याच्या जोडीचा पत्ता जिथे पडेल ती बाजू जिंकली. ज्या बाजूला पहिला पत्ता पडतो तिला ५१.५ टक्के संधी. हाउस हे जाणतं, म्हणून त्या बाजूला पूर्ण मोबदला न देता १०० ला ९० देतं. हिशोब केला तर पहिल्या बाजूवर हाउसचा वाटा २.१५ टक्के, दुसऱ्या बाजूवर १०० ला १०० मिळूनही ३ टक्के. पहिल्याच पत्त्यावर जोडी लागली तर काही टेबलांवर मोबदला आणखी कमी असतो, पाटी वाचा. खेळ मात्र झटपट संपतो, आणि वेग हाच मुद्दा आहे. त्याकडे येतो.

तीन पत्ती इथे आपसात नसते, डीलरविरुद्ध असते. ब्लफ मारून उपयोग नाही, समोरचा घाबरत नाही. नेहमीचे नियम असे: आधी एक बेट, मग पत्ते बघून तेवढीच दुसरी लावायची किंवा पहिली सोडायची. डीलरकडे राणी किंवा वरचं काही नसेल तर पहिलीवर बरोबरीने मिळतं, दुसरी परत. तसं सुमारे ३० टक्के डावांत होतं. या नियमांना राणी-छक्की-चव्वी किंवा त्याहून चांगलं असेल तरच पुढे जायचं, एवढं पाळलं की पुरतं. 'ब्लाइंड', म्हणजे पत्ते न बघता, खेळणारे हाउसचे लाडके.

शेजारी जोडीची साइड बेट असते: तुमच्याकडे जोडी किंवा वरचं आलं तर डीलरकडे काही का असेना, मोबदला. तिथे फक्त कलरचा, म्हणजे एकाच रंगाच्या तीन पत्त्यांचा, भाव बघायचा. ट्रेल (तिन्ही सारखे) ३०, प्युअर सिक्वेन्स (एकाच रंगाचे सलग तीन) ४०, सिक्वेन्स (नुसते सलग तीन) ६, जोडी १ हे तसंच असताना कलरला ४ असतील तर हाउसचा वाटा २.३२ टक्के, ३ असतील तर ७.२८. एका आकड्याने वाटा तिप्पट होतो. आणि हो, इथे प्युअर सिक्वेन्सला ट्रेलपेक्षा जास्त मिळतं ही छापण्यातली चूक नव्हे. २२,१०० शक्य हातांपैकी ट्रेल ५२ आणि प्युअर सिक्वेन्स ४८. दिवाळीत घरी आपण उलटं मानतो.

बॅकारा या पत्त्यांच्या खेळात बँकर आणि प्लेअर अशा दोन बाजू, टाय म्हणजे बरोबरी. हाउसचा वाटा बँकरवर १.०६ टक्के, प्लेअरवर १.२४, आणि टायवर १४.३६, म्हणजे टाय सोडून काहीही. ब्लॅकजॅकमध्ये (पत्त्यांची बेरीज २१ च्या जवळ नेण्याचा खेळ) १,००० च्या बेटला ब्लॅकजॅक, म्हणजे पहिल्या दोन पत्त्यांतच २१, आल्यावर १,५०० मिळतात की १,२०० एवढं विचारा. १,२०० असतील तर दुसरं टेबल. इन्शुरन्स, म्हणजे डीलरकडे ब्लॅकजॅक निघेल यावरची जादा बेट, कधीच घेऊ नका.

आता वेग. हाउसचा वाटा टक्क्यांत वाचून काही कळत नाही. ताशी किती डाव होतात त्याने गुणावं लागतं. भरलेल्या रूलेटवर तासाला ४० फेरे धरा. दर फेरीला ५०० लावले तर तासात २०,००० फिरले, त्याचे २.७ टक्के म्हणजे सरासरी ५४० रुपये. त्याच टेबलावर तुम्ही एकटेच असाल तर डीलरला मोबदला वाटायला वेळच लागत नाही, फेरे दुपटीला जातात आणि खर्चही. स्लॉट मशिनवर ५० रुपयांचं बटण मिनिटाला १० वेळा दाबलं तर तासाला ३०,००० फिरतात. वाटा ८ टक्के धरला तर २,४०० रुपये, आणि तेही 'छोटा खेळ' म्हणून. आता मघाचा जीएसटी आठवा. १०,००० मधून गेलेले २,८५७ रुपये म्हणजे ५०० च्या बेटने सव्वापाच तासांचं रूलेट. चिप हातात येण्याआधीच तेवढं खेळून झालेलं असतं.

म्हणून पैसे पुरवायचे असतील तर गर्दीचं टेबल, सावकाश डीलर आणि मधूनमधून डेकवरची हवा. पेयं पॅकेजमध्येच असतात, वेटर ती टेबलावर आणून देतो. तिसऱ्या पेल्यानंतर दर फेरीची बेट ५०० ची १,००० होते, हे आम्ही टेबलाच्या आतल्या बाजूने इतक्या वेळा पाहिलं आहे की पेले न मोजताही कळतं.

उठताना बारीक चिपा टेबलावरच मोठ्या करून घ्या. डीलर त्या वीस-वीसच्या थप्प्यांत रचतो, कापून दाखवतो, मग मोठी चिप देतो. टिप द्यायची तर चिप पुढे सरकवून 'डीलरसाठी' म्हणा. तो ती टेबलावर टकटक वाजवून पेटीत टाकतो. खिशात ठेवू शकत नाही, खिसे शिवलेलेच असतात. टेबल सोडताना तो टाळी वाजवून दोन्ही तळवे वर करतो, तेही कॅमेऱ्यासाठी. पाहुण्यांना वाटतं आपल्याला शाबासकी दिली.

जिंकलेल्या रकमेवर आयकर कायद्याप्रमाणे ३० टक्के कर आहे, आणि रक्कम १०,००० च्या वर असेल तर तो उद्गमातच, म्हणजे पैसे देतानाच, कापायचा असतो. पॅन बरोबर ठेवा आणि कापल्याची पावती मागून घ्या, विवरणपत्र भरताना लागते. आदल्या दिवशी हरलेले पैसे त्यातून वजा होत नाहीत. कायद्याच्या लेखी तुमची हार कधी झालेलीच नाही.

परतीसाठी पहाटे तीन-साडेतीनला शो आणि जेवण संपवून सगळे एकदम खाली येतात. अर्धा तास आधी किंवा नंतर निघालेलं बरं. टॅक्सीवाले जेटीवर तोच हिशोब धरून उभे असतात.

टेबल बंद होतं तेव्हा फ्लोट, म्हणजे टेबलावरचा चिपांचा साठा, मोजतात: प्रत्येक रंगाची थप्पी, डीलर मोजतो, पिट बॉस मोजतो, आकडा चिठ्ठीवर, दोघांची सही. एक प्रत पेटीत, एक झाकणाखाली, झाकणाला कुलूप. पत्ते रंगाप्रमाणे लावून भरले आहेत का बघतात. एक जरी कमी निघाला तर कुणी घरी जात नाही, टेबलाखालचा गालिचा उचलतात. शेवटी चाकाचं आवरण काढून पुन्हा पातळी ठेवतात. एव्हाना भरती लागलेली असते, बोट साखळीवर वळून तोंड समुद्राकडे करते, आणि बुडबुडा मध्यावर यायला थोडा वेळ घेतो.